शनवार तेली, पापलेट आणि येऊरचा बिबट्या

आपल्या किनाऱ्यावरच्या चंदेरी पापलेटचं शास्त्रीय नाव कित्येक दशकं पॅम्पस अर्जेंटियस असं छापलं जात होतं. मीही तेच शिकले. २०१९ मध्ये भारतीय मत्स्यसंशोधकांनी इथल्या पापलेटचा डीएनए पूर्वेकडच्या समुद्रातल्या अर्जेंटियसशी ताडून पाहिला, तेव्हा कळलं की हे दोन मासे सख्खे नाहीत, फार तर चुलत आहेत. आपला मासा पॅम्पस कँडिडस. हे नाव क्यूव्हिए या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८२९ मध्येच देऊन ठेवलं होतं. पुढे दोन्ही मासे एकच समजून ते बाजूला पडलं, आणि जवळजवळ दोन शतकांनी डीएनएच्या साक्षीवर परत आलं. त्यानंतर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला.

चेंदणी कोळीवाड्याकडे मासळी घ्यायला गेल्यावर या गोष्टीने काय फरक पडतो, असं कुणीही विचारेल. टोपलीतला मासा तोच आणि कालवणही तेच. फरक पडतो तो समुद्रात. मासा कितव्या वर्षी वयात येतो, कुठल्या महिन्यांत अंडी घालतो, किती लांबीच्या आतला पकडू नये, हे सगळं जातीवर ठरतं, आणि दुसऱ्या जातीचे आकडे उसने आणून आपल्या माशाची काळजी घेता येत नाही. डोल जाळ्यांत तळहाताएवढी पापलेटं येतात. ती विकताना कोळणींनाही बरं वाटत नाही. "पिल्लंच काढली तर पुढल्या साली काय येणार, ताई?" हे मी टोपलीसमोर उभी राहून ऐकलेलं आहे. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी समोरचा मासा नेमका कोण, हे माहीत हवं. ते सांगायला माशाच्या पेशीतल्या एका जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा बहुतेक वेळा पुरतो. कॅनडातले जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सगळ्या प्राण्यांसाठी हाच तुकडा वाचावा असं सुचवलं. त्याला डीएनए बारकोड म्हणतात. खवले काढलेला, डोकं उडवलेला, बर्फात थिजलेला मासासुद्धा त्यावरून ओळखता येतो.

मी ठाण्यात प्राणिशास्त्र शिकवते. मार्कर म्हणजे काय, हे वर्गात सांगायची वेळ आली की मला जुन्या पोथ्या आठवतात. छापखाना नव्हता तेव्हा पोथी हाताने उतरवून घेत. उतरवताना कुठे तरी एखादं अक्षर चुके, एखादी ओळ दोनदा लिहिली जाई. त्या चुकलेल्या प्रतीवरून पुढची प्रत होई आणि चूक तिच्यातही जाई. पाठभेद अभ्यासणारे लोक याच चुकांवरून पोथ्यांची वंशावळ लावतात. दोन प्रतींमध्ये एकाच जागी एकच चूक सापडली तर त्या दोन्ही एका मूळ प्रतीवरून उतरल्या असण्याची शक्यता मोठी. डीएनएचंही असंच आहे. प्रत्येक पिढीत त्याची नक्कल होते आणि नक्कल करताना क्वचित एखादं अक्षर बदलतं. बहुतेक बदलांनी जिवाचं काही बिघडत नाही, पण ते पुढच्या पिढ्यांत जात राहतात. असे ठरावीक जागचे बदल म्हणजे मार्कर. ते मोजले की कोण कुणाचा, कधी वेगळा झाला, मध्ये कुणाकुणाशी मिसळला, हे बऱ्याच अंशी उलगडतं.

मार्करचे प्रकार पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. माणसात तो १६,५६९ अक्षरांचा. म्हणजे तो आई, तिची आई, तिची आई अशी एकच रेघ सांगतो. वाय गुणसूत्र बापाकडून लेकाला. मायक्रोसॅटेलाइट म्हणजे दोन-चार अक्षरांची तीच तीच पुनरावृत्ती. ती किती वेळा झाली हे जिवागणिक बदलतं, त्यामुळे एकेक प्राणी वेगळा ओळखता येतो. आता तर सबंध जनुकसंच वाचता येतो. पण मला अजूनही जनुकशास्त्रज्ञ लालजी सिंग यांची गोष्ट सांगायला आवडते. पट्टेरी मण्यारीच्या मादीच्या लिंग-गुणसूत्रात त्यांना पुनरावृत्तीचे असे तुकडे सापडले. पुढे त्याच तुकड्यांवरून हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत माणसाच्या डीएनए ठशांची भारतीय पद्धत तयार झाली आणि आपल्या न्यायालयांत पुरावा म्हणून उभी राहिली. सापाच्या अंगातला तुकडा माणसाचं पितृत्व ठरवायला उपयोगी पडला, याचं आश्चर्य मला दर वर्षी नव्याने वाटतं. मुलांच्या चेहऱ्यावरही ते दिसतं.

आता ठाण्याकडे येते. टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला, १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. शाआर हाशामाईम त्याचं नाव. ठाण्याबाहेरच्या पाहुण्यांना हे दाखवलं की ते चकित होतात. आम्हाला ते शाळेच्या वाटेवरचंच. आमच्या इमारतीत एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातलं, कुटुंब राहायचं. त्यांच्या आजी नऊवारी नेसत, शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावत आणि शनिवारी चूल पेटवत नसत. पापलेट त्यांच्याकडे होई, कोळंबी आणि खेकडे कधी नाहीत. माशाला पर आणि खवले हवेत, हे त्यांच्या धर्मात सांगितलेलं. मलिदा हा विधी झाला की पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचं ताट आमच्याकडे येई. तो एलियाहू हनवी या प्रेषिताच्या नावाने करतात. आडनाव गावावरून, आपल्यासारखंच कर लागलेलं. कोकणात हे लोक पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत आले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटलं.

त्यांची आठवण अशी सांगते: फार पूर्वी, कुणी म्हणतं दोन हजार वर्षांपूर्वी, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरली ती शमा ही प्रार्थना, सुंता, शनिवारचा विसावा आणि खाण्यापिण्याचे नियम. एवढ्या शिदोरीवर ते शतकानुशतकं कोकणात मराठी बोलत राहिले. पुढे त्यांनी मराठीत स्वतःची कीर्तनंही रचली.

२०१६ मध्ये अमेरिका आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी अठरा बेने इस्रायली व्यक्तींच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मी तो एकाच बैठकीत वाचून काढला. निष्कर्ष असा की त्यांच्यात मध्यपूर्वेकडच्या ज्यू समाजांचा वारसा ठळक आहे आणि इथल्या, भारतातल्या लोकांचाही तितकाच ठळक आहे. ज्यू वारसा जास्त करून पुरुषांकडून आलेला, भारतीय वारसा जास्त करून स्त्रियांकडून. ही सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली, म्हणजे साधारण ६५० ते १,०५० वर्षांपूर्वी. त्यानंतर लग्नं आपापसातच होत राहिली.

पिढ्या मोजायची युक्ती मोठी सुंदर आहे. दोन वेगळ्या वंशांची माणसं संसार थाटतात तेव्हा मुलाला एका बाजूची अखंड गुणसूत्रं आईकडून मिळतात, दुसऱ्या बाजूची बापाकडून. त्याच्या मुलांत ती तुटून एकमेकांत सांधली जातात. दर पिढीत आणखी तुटतात, तुकडे लहान लहान होत जातात. आज ते सरासरी किती लांब उरलेत, यावरून सरमिसळ किती पिढ्यांपूर्वीची ते काढता येतं. पण इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवायला हवी. मिळालेला काळ सरमिसळीचा आहे, आगमनाचा नाही. येऊन हजार वर्षं वेगळे राहिले आणि मग मिसळले, असंही असू शकतं. त्या हजार वर्षांबद्दल हा हिशोब गप्प आहे. म्हणून ६५० ते १,०५० हा आकडा घेऊन 'गलबताची गोष्ट खोटी ठरली' असं कुणी म्हणालं तर ते चूक. आणि 'गोष्ट सिद्ध झाली' म्हणालं तरीही चूक. सात पुरुष आणि सात बायका, हे सात-सात कुठल्याही प्रयोगशाळेत निघणार नाहीत.

आजी आता नाहीत. त्यांची मुलं इस्रायलमधल्या अश्दोदला गेली, एक लेक ठाण्यातच राहिली. महाराष्ट्रात उरलेल्या बेने इस्रायली कुटुंबांपैकी बरीचशी आज ठाण्यातच आहेत. त्या मावशींना मी हा अभ्यास समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, आईकडची माणसं इथलीच, हे आम्हाला ठाऊकच होतं की. आमटीत आमसूल घालायचं आम्हाला कोणी शिकवलं?" मग थोडं थांबून विचारलं, "आणि समजा, त्यांच्या कागदात आमचं उलटंच निघालं असतं, तर आम्ही काय शनिवारी चूल पेटवायची होती?"

या प्रश्नाने मला बराच काळ सोडलं नाही. कारण तो नुसता कल्पनेतला प्रश्न नाही, त्यांच्या समाजाला तो एकदा खरोखरच विचारला गेलाय. इस्रायल झाल्यावर हजारो बेने इस्रायली तिकडे गेले आणि १९६० नंतर तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवर शंका काढली. बाकीच्या ज्यूंशी लग्न करायचं असेल तर पूर्वजांची पडताळणी द्या, अशी अट आली. लोकांनी धरणं धरलं, निदर्शनं केली. शेवटी १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य झालं. तेव्हा डीएनए वाचण्याची सोय नव्हती, आणि मला मनापासून वाटतं की नव्हती ते बरंच झालं. मान्यता मिळाली ती लोकांच्या जगण्यावर, त्यांच्या शुक्रवारच्या दिव्यावर, त्यांनी जपलेल्या प्रार्थनेवर. अठरा माणसांच्या रक्तावर एका समाजाचं असणं-नसणं टांगलं गेलं नाही. २०१६ चा अभ्यास मोलाचा आहे, मी तो दर वर्षी शिकवते. पण तो त्यांच्या इतिहासातला सगळ्यांत शेवटी आलेला साक्षीदार आहे. त्याच्या आधी आठवण होती, थडगी होती, आडनावं होती, भाषा होती, स्वयंपाक होता. या सगळ्यांना बाजूला सारून त्या एकट्याला विचारायचं काही कारण नाही.

हल्ली डीएनए हा शब्द भाषणांतही येतो. 'हे आमच्या डीएनएतच आहे' असं म्हणून टाळ्या घेता येतात. डीएनए तपासणाऱ्या कंपनीला लाळेची नळी पाठवली की टक्केवारी घरपोच येते: इतके टक्के इकडचे, इतके तिकडचे. ती टक्केवारी त्या कंपनीने तुलनेसाठी कुणाकुणाचे नमुने जमवलेत यावर अवलंबून असते, हे त्या रंगीत गोलावर कुठे लिहिलेलं नसतं. लोकांना हवा असतो शुद्धतेचा दाखला, आणि जनुकांकडे तो नाहीच. २०१३ मध्ये हैदराबाद आणि हार्वर्डच्या संशोधकांनी भारतातल्या सत्तरहून अधिक समूहांचा अभ्यास मांडला. त्यात दिसलं की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या उपखंडात जोरात सरमिसळ झाली. वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या आणि खालच्या ठरवल्या गेलेल्या, डोंगरातल्या आणि गावातल्या, जवळपास सगळ्यांच्यात. मग ती थांबली, लग्नं जातीत बंद झाली. म्हणजे आज जी कुंपणं सनातन म्हणून सांगितली जातात ती घालण्याआधी दोन हजारांहून जास्त वर्षं माणसं एकमेकांत मोकळेपणाने संसार थाटत होती. मला वाटतं हे शाळेच्या पुस्तकात यावं.

कुंपणांचे परिणामही जनुकांत उतरले आहेत. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या आणि आतल्या आत लग्नं करणाऱ्या समूहांत काही आजार जास्त दिसतात. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात एका विकराचा (एन्झाइमचा) अभाव बाकीच्यांपेक्षा बराच जास्त आढळतो. अशा माणसाला शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणारं ठरावीक औषध दिलं तर ते शरीरातून लवकर जात नाही, श्वास लवकर परत येत नाही. तिथले भूलतज्ज्ञ म्हणून आधी चौकशी करतात. माणसांच्या जनुकांचा असा उपयोग असेल तर मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. कुणाला परका ठरवायला असेल तर अजिबात नाही.

माणसाला विचारता येतं. त्याच्याजवळ गोष्ट असते, आडनाव असतं, आजी असते. ज्यांच्याजवळ यातलं काहीच नाही त्यांचं काय?

आपल्या खाडीतली तिवरं घ्या. ऐरोलीच्या पुलावरून दोन्ही बाजूंना दिसतात ती. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिवराचं बी झाडावरच रुजायला लागतं, मग पाण्यात पडतं आणि भरती-ओहोटीवर तरंगत जातं. समुद्रच त्याला नेणार, तर सगळ्या किनाऱ्यांवरची झाडं एकमेकांची जवळची नातेवाईक असायला हवीत. पण मलाया द्वीपकल्पाच्या दोन बाजूंच्या कांदळवनांचे मार्कर वाचले तेव्हा एकाच जातीच्या झाडांत ठळक दुरावा दिसला. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मलाया, सुमात्रा, जावा, बोर्निओ ही सगळी एकच जमीन होती आणि ती भिंतीसारखी मध्ये उभी होती. पाणी वर आलं, वाट मोकळी झाली, तरी त्या भिंतीची खूण झाडांच्या पेशीत राहिली. तेव्हा ठाण्याची खाडीही खाडी नव्हती, कोरडी दरी होती. आज जिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात तिथे जमीन होती, हे मनाशी आणून बघायला मला आवडतं.

आणि येऊरचा बिबट्या.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. येऊर ही त्याची ठाण्याकडची बाजू. कॅमेऱ्यांनी केलेल्या गणतीत इथे पन्नासच्या आसपास बिबटे दिसले आहेत. जगातल्या एवढ्या दाट वस्तीच्या शहराला खेटून एवढे बिबटे राहतात, ही ठाणे-मुंबईची खरी श्रीमंती आहे असं मी मानते. या जंगलाच्या उत्तर टोकाला नागला बंदराचा पट्टा आहे, आणि तो मुख्य जंगलापासून घोडबंदर रस्त्याने तोडलेला आहे. नागल्याच्या पलीकडे वसईची खाडी, खाडीच्या पलीकडे तुंगारेश्वरचं जंगल. बिबट्याला बाहेरच्या जगाशी नातं ठेवायचं तर मुख्य वाट ही: रस्ता ओलांडा, खाडी पोहून जा, पुढे डोंगर धरा. बाकीच्या बाजूंना ठाणे, मुलुंड, बोरिवली.

ही वाट नुसती नकाशावरची नाही, ती एकाने चालून दाखवली आहे. २००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला वाचवून, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवलं. तो वयस्क होता, म्हणून त्याला सगळे आजोबा म्हणत. आजोबा चालत निघाला. आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याला रेल्वेच्या रुळांवरून गेला, वसईची खाडी पोहला आणि सुमारे १२० किलोमीटर येऊन आपल्या या जंगलात शिरला. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, मुंबईजवळ रस्ता ओलांडताना गाडीखाली मेला.

सुएल राइट या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात मांडलेल्या गणितातून संवर्धनात एक नियम आला आहे: दर पिढीला बाहेरून निदान एक प्राणी येऊन तिथे त्याची पिल्लं झाली, तर दोन वस्त्या एकमेकांपासून फार दुरावत नाहीत. दर पिढीला एक. किती थोडी मागणी आहे ही! नंतरच्या लोकांनी म्हटलं, एक कमीत कमी धरा, दहापर्यंत आले तर चांगलं. आजोबा तो एक होता. बिबट्याची एक पिढी साधारण सहा-सात वर्षांची. म्हणजे सहा-सात वर्षांत एक आजोबा घोडबंदर रस्ता सुखरूप ओलांडून यायला हवा.

न आल्यास काय होईल, याचा हिशोब कागदावर करता येतो. पन्नास बिबट्यांतले प्रत्यक्षात वंश वाढवणारे वीस धरले, तर आतली विविधता दर पिढीला अडीच टक्क्यांनी कमी होते. चार-पाच पिढ्यांत दहा-बारा टक्के. घोडबंदर रस्त्यावर आजच्यासारखी रात्रंदिवस वाहतूक सुरू होऊन चार-पाच पिढ्यांइतकाच काळ गेलाय. म्हणजे खूण आत्ता कुठे उमटू लागली असेल. इतक्यात काही डोळ्यांना दिसणार नाही. बिबटे धडधाकट दिसतील, कॅमेऱ्यात येतील, पिल्लं होतील. डोळ्यांना दिसेपर्यंत थांबायचं तर काय दिसतं, ते ओडिशात सिमिलीपालला जाऊन बघावं. तिथल्या वाघांचे पट्टे एकमेकांत मिसळून अंग काळं पडतं आहे. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की हा टॅकपेप नावाच्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाचा परिणाम आहे. बाहेरचे वाघ येत नाहीत, वस्ती लहान, म्हणून एरवी अतिदुर्मीळ असलेला हा बदल तिथे साधारण तिनातल्या एका वाघात उघड दिसतो. काळे वाघ बघायला पर्यटक जातात. मला त्या रंगात बंद झालेली वाट दिसते.

भारतभरातल्या बिबट्यांच्या मायक्रोसॅटेलाइटवरून २०२० मध्ये एक अंदाज आला: सुमारे १२० ते २०० वर्षांपूर्वीच्या काळात त्यांची संख्या ७५ ते ९० टक्क्यांनी घटली. बिबट्या सगळीकडे दिसतो, गावात शिरतो, बातमीत असतो, म्हणून त्याचं बरं चाललंय असा आपला समज. ब्रिटिश काळातल्या शिकारीच्या नोंदी आहेत, पण त्या शिकाऱ्यांच्या. बिबट्याची बाजू सांगणारी नोंद फक्त त्याच्या पेशीत. त्याचं गलबत कधी फुटलं, किती वाचले, हे सांगायला त्याच्याकडे आजी नाही. बेने इस्रायलींच्या बाबतीत जो साक्षीदार मला सगळ्यांत शेवटी विचारावासा वाटतो, तोच बिबट्याच्या बाबतीत एकमेव आहे. आपली नमुन्यांची, पैशाची, हुशारीची ओढ मात्र उलटी आहे. 'आपण मूळचे कुठले' हे विचारायला माणसं पैसे मोजून लाळ पाठवतात, आणि जंगलाच्या दोन तुकड्यांतले बिबटे अजून एकमेकांचे आहेत का, हे विचारायला निधीसाठी वाट बघावी लागते.

विचारणं तसं अवघड नाही. बिबट्याला पकडायला नको, बेशुद्ध करायला नको. पायवाटेवरची ताजी विष्ठा पुरते. आतड्यातून जाताना तिच्या बाहेरच्या थराला त्याच्या स्वतःच्या पेशी चिकटतात. त्या थरावरून कापसाचा बोळा फिरवायचा किंवा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायचा. प्रयोगशाळेत आधी मायटोकॉन्ड्रियाच्या तुकड्यावरून तो बिबट्याच, कुत्रा नव्हे, याची खात्री. मग दहा-बारा मायक्रोसॅटेलाइट वाचून तो नेमका कुठला बिबट्या, नर की मादी, कुणाशी त्याचं नातं लागतं. काही नमुने येऊरचे, काही नागल्याचे, काही तुंगारेश्वरचे. दर पिढीला एकदा हेच पुन्हा. पहिलं वाचन मात्र आत्ता हवं. आजची नोंद नसेल तर वीस वर्षांनी किती हरवलं ते कुणालाच सांगता येणार नाही. प्राण्यांसाठी रस्त्याच्या वरून किंवा खालून वाट करावी, अशी मागणी करताना हातात हा कागद असेल तर ती ठामपणे करता येईल, आणि वाट झाल्यावर ती खरोखर वापरली जाते का, नव्या पिढीत पलीकडचा बाप दिसतो का, हेही त्याच कागदावर पुढे लिहिता येईल.

बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे विष्ठा उचलायलासुद्धा वनखात्याची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. तो अर्ज मी लिहायला घेतला आहे. माझ्या पदव्युत्तर वर्गातल्या दोन मुली सोबत आहेत. एक कासारवडवलीला राहते, तिच्या खिडकीतून रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं जंगल दिसतं. नमुन्याच्या नळीवर लावायच्या चिठ्ठीचा मसुदा तिनेच केला: तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, विष्ठा किती ताजी, आणि शेवटचा रकाना तिने स्वतःहून वाढवलेला, रस्त्याच्या येऊरकडे की नागल्याकडे.